ओळीचं शेपूट

माझ्या मुलाचा आवाज मोठा आहे. सूर मोठा नाही. हे दोन वेगळे प्रकार असतात, पण जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या मराठी मंडळींना ते कुणी सांगितलेलं नसावं, कारण इथं श्रीनाथला सगळे ‘शाहीर’ म्हणतात. गणपतीत शाहीर, शिवजयंतीला शाहीर, कुणाकडे बारसं असलं तरी शाहीर. फेटा बांधून उभा राहिला की दिसतोही रुबाबदार, ते काही खोटं नाही. बापावर गेलाय. आवाजानंही आणि बाकीच्या गोष्टींतही.

मी कुसुम, त्याची आई. व्हिसा संपेपर्यंत राहते म्हणून पुण्याहून आले होते. श्रीनाथ इकडं मोटारींच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. सून देवश्री पुण्यात शाळेत शिकवायची. इथं तिची डिग्री अजून कुठल्याशा ऑफिसात अडकून पडलीय, तोवर घर, स्वयंपाक आणि जर्मनचा क्लास. नात अन्वी चौथीत. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. मी विचारायचं मराठीत, तिनं सांगायचं जर्मनमध्ये, आणि दोघींनी समजलं असं धरून चालायचं. आमचं बरं चाललं होतं.

आता झील म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पोवाड्यात शाहीर पुढं उभा राहून ओळ म्हणतो. ओळ संपत आली की तिचं शेपूट मागचा माणूस उचलतो आणि ‘जी जी रं जी’ करत लांबवतो. तेवढ्यात शाहीर दम घेतो, घाम पुसतो, पुढची ओळ आठवतो. मागच्याचं हे जे काम, ते झील धरणं. आमचे हे कऱ्हाडला हायस्कुलात मास्तर होते आणि सुट्टीत कलापथक घेऊन गावोगाव हिंडायचे. मधूशाहीर म्हणून नाव होतं त्यांचं. त्यांच्या मागं डाव्या हाताला उभी राहून मी झील धरायचे. झीलकऱ्याचा नियम एकच. शाहिरानं ओळ जिथं सोडली तिथूनच उचलायची. वर नाही, खाली नाही. तो चुकला तर ती चूक तशीच उचलायची. दोघांनी मिळून केलेली चूक लोकांना चाल वाटते.

आणि हे खाली जायचे. रंगात आले की आवाज चढायचा आणि सूर उतरायचा. मी त्यांच्याबरोबर उतरायचे. आमच्याकडं डफ आणि झांज, दुसरं काही नाही, त्यामुळं कुणाला पत्ता लागायचा नाही. लागलाच तर तो माझ्या नावावर. शेपूट लांबवणारी मी ना, सूर तिथंच उघडा पडतो. कार्यक्रम संपला की चहाच्या वेळी लोक बोलायचे, शाहीर झकास, बाई मात्र जरा खाली लागतात. मी माझ्या कानांनी ऐकलंय. मान खाली घालून बशा गोळा करायचे. ह्यांनी कधी ‘नाही हो’ म्हटलं नाही, आणि म्हणावं असं मलाही कधी वाटलं नाही. मला वाटायचं, हेच तर आपलं काम.

आणि हेच मी देवश्रीला शिकवलं. लग्नानंतर श्रीनाथच्या मागं ती उभी राहायला लागली तेव्हा पाटल्या दिल्यासारखं दिलं. म्हटलं, शाहीर विहिरीत गेला तरी झील त्याच्या मागं विहिरीत. पोरगी हसली होती. पण तिनं ते धरून ठेवलं.

देवश्रीचा कान असा की कुकरच्या शिट्टीचा सूर सांगेल. मला तर ती गाताना भीती वाटते, इतकं नेमकं लागतं सगळं. आणि अशी बाई वर्षानुवर्षं माझ्या लेकामागं घसरत उतरत होती.

इथं फ्राऊ लिंडेमान म्हणून एक बाई आहेत, गावातला एक कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा मेळा, चालवतात. अन्वीच्या शाळेत त्यांचा कार्यक्रम झाला तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. मी पहिल्यांदाच ऐकलं ते प्रकरण. चार घोळके, चौघांच्या चार तऱ्हा, आणि सगळे एकाच वेळी. आधी मला वाटलं भांडण लागलंय. मग हळूहळू कळलं की कुणीच कुणाच्या मागं जात नाहीये. प्रत्येक जण आपापल्या जागी उभा आणि तरी ते एकच गाणं. देवश्री माझ्या शेजारी बसली होती. तिनं अख्खा वेळ माझा हात घट्ट धरून ठेवला होता आणि तिला ते माहीतही नव्हतं.

त्यानंतर घरात भांडी घासताना ती त्यांच्यातलं मधलंच काहीतरी गुणगुणायला लागली. मी म्हटलं, अगं ही कसली चाल, ना वर ना खाली. तर म्हणाली, “आई, ही ऑल्टोची, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाची. एकटी ऐकली तर काहीच नाही, पण नसली तर सगळं पोकळ होतं.” मग नळ बंद करून म्हणाली, “अहो आई, मला तिथं जायचंय. इथं आल्यापासून मला पहिल्यांदाच कुठंतरी जायचंय.”

पोरीनं धीर करून मोडक्या जर्मनमध्ये फ्राऊ लिंडेमानना विचारलंही. त्या म्हणाल्या, नाताळच्या कार्यक्रमासाठी ऑल्टोत एक जागा आहे. सप्टेंबरात गावात सगळ्या देशांच्या लोकांचा मेळावा असतो, त्यात तुमचा पोवाडा आणि आमचा कॉयर एकत्र करू, तिथं तुला ऐकते आणि मग सांगते. म्हणजे श्रीनाथचा कार्यक्रम ती देवश्रीची परीक्षा. श्रीनाथला हे माहीत होतं बरं का. “या या, गेनाऊ, करू की,” म्हणाला. ‘या’ म्हणजे हो, तेवढं मला कळायचं, पण त्याचं हे गेनाऊ म्हणजे एक खोडच आहे. फोनवर गेनाऊ, शेजाऱ्याशी गेनाऊ, मी भाजीत मीठ कमी पडलं म्हटलं तरी गेनाऊ. मी समजत होते की आपण ‘हं हं’ करतो तसंच काहीतरी असेल.

प्रॅक्टिस आम्ही केलरमध्ये करायचो, म्हणजे तळघरात, सायकली आणि हिवाळ्याची टायरं ठेवतात तिथं. वर घरात डफ वाजवला तर खालचे आजोबा छताला काठीनं ठोकतात. डफावर टॉवेल टाकून प्रॅक्टिस. कॉयरबरोबर एकदा सगळं म्हणून बघू या, असा फ्राऊ लिंडेमानचा निरोप आला होता. श्रीनाथनं उडवून लावला. “आई, पोवाड्याला कसली रिहर्सल? रक्तात आहे आपल्या.” रक्तात होतं खरं. तेच तर भय होतं.

कार्यक्रम रविवारी दुपारी, चर्चच्या बाजूच्या हॉलमध्ये. मधोमध मोठा काळा पियानो, त्याच्यामागं कॉयर अर्धगोल उभा, पुढं श्रीनाथ फेटा बांधून, त्याच्या मागं डाव्या हाताला देवश्री. मी पहिल्या रांगेत, साडीवर स्वेटर घालून. आमचे मंडळवालेही बरेच आले होते. पोवाडा ह्यांनीच रचलेला, कृष्णेच्या पुराचा. कॉयरनं नुसता ‘ऊ’ धरला, पियानोनं खाली दोन-तीन सूर ठेवले, आणि श्रीनाथनं आवाज सोडला.

“कृष्णामाई आली दारात, नावाडी उभा पुरात...”

‘पुरात’ला तो उतरला. थोडासाच. केलरमध्ये असतो तर मलाही खपलं असतं. पण इथं पियानो होता, आणि पियानोला नियम शिकवलेला नव्हता. तो आपल्या जागी उभा. देवश्रीनं ‘पुरात, हो जी जी रं जी’ उचललं ते श्रीनाथनं सोडलं तिथूनच, आणि लांबवलं. अख्ख्या हॉलला लागलं ते. कॉयरमधल्या एका पोक्त बाईंनी दाताखाली खडा आल्यासारखं तोंड केलं. पुढच्या ओळीला श्रीनाथ आणखी खाली, देवश्री त्याच्यामागं आणखी खाली. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. तिला एकेक सूर कळत होता. पियानो कुठं आहे, कॉयर कुठं आहे, आपण कुठं चाललोय, सगळं कळत होतं. मानेची शीर ताठ झाली होती. तरी बाई त्याला सोडेना.

लाज कुणाची वाटत होती ते त्या क्षणी मला सांगता आलं नसतं. मुलाची वाटत होती. लोकांसमोर आपलं काहीतरी उघडं पडलंय असंही वाटत होतं. आणि त्या सगळ्याच्या तळाशी एकच गोष्ट होती, की हे हिला मी शिकवलंय.

टाळ्या झाल्या. इथले लोक सभ्य, टाळ्या वाजवतातच. मग मध्यंतर, कॉफी आणि प्लमचा केक. आमच्या मंडळातला प्रसन्न श्रीनाथच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “आवाज काय लागला रे शाहीर. वहिनी जरा घसरल्या, पण ठीक आहे, नर्व्हस असतील.” चहाच्या जागी कॉफी, एवढाच फरक. मी केकची बशी हातात धरून उभी राहिले आणि कऱ्हाडचं सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं.

तेवढ्यात फ्राऊ लिंडेमान आल्या. देवश्रीच्या दंडावर हात ठेवला, अगदी मायेनं, आणि हळू आवाजात बोलल्या. देवश्री मान हलवत होती, हसत होती, आणि तिचे डोळे भरत होते. मग त्या श्रीनाथकडं वळल्या आणि हाताचा पंजा हवेत ठेवून सावकाश खाली नेला, कुणी काही खाली ओढतंय असा. श्रीनाथ म्हणाला, “या, गेनाऊ.”

मी अन्वीला बाजूला घेतलं. “काय म्हणाल्या गं?”

अन्वीनं पहिल्यांदाच मला मराठीत उत्तर दिलं, शब्द शोधत शोधत. “म्हणाल्या, मम्माचा आवाज छान आहे, पण ती... खाली जाते. या वर्षी नको. आणि पप्पाला म्हणाल्या, मागच्या आवाजानं तुला खाली ओढलं.”

“आणि गेनाऊ म्हणजे काय?”

“गेनाऊ म्हणजे...” ती विचार करायला लागली. “बरोबर. अगदी बरोबर.”

मला वाटलं जमीन फाटावी. नुसतं ‘हं हं’ नव्हतं ते. माझ्या लेकानं सगळ्यांसमोर बायकोच्या तोंडावर म्हटलं होतं, अगदी बरोबर. आणि म्हटल्यावर तो केक खात होता. मुद्दाम बोलला असता तर मी त्याला तिथंच दोन शब्द सुनावले असते. पण तो मुद्दाम बोललाच नव्हता. त्याच्या लक्षातही नव्हतं. ह्यांच्याही कधी लक्षात आलं नसणार. ह्यांच्या फोटोला रोज हार घालणारी मी, पहिल्यांदाच त्या माणसाचा मला राग आला, आणि राग आल्याची पुन्हा लाज वाटली.

देवश्री खिडकीपाशी उभी होती. मी गेले. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “असू दे आई. पुढच्या वर्षी बघू.”

“तू त्यांना सांगितलं का नाहीस, तो उतरत होता म्हणून?”

“कसं सांगू? सगळ्यांसमोर? आणि तुम्हीच म्हणता ना, झील शाहिराला सोडत नाही.”

कार्यक्रम संपताना प्रत्येक गटानं एकेक कडवं पुन्हा म्हणायचं असं ठरलं होतं. ते मला आठवलं. मी तिचा हात धरला.

“आता ऐक माझं. शेवटच्या कडव्याला त्याच्या मागं जायचं नाही. पियानो सांगेल तिथून उचल.”

“अहो आई, श्रीनाथ उघडा पडेल.”

“पडू दे.”

“तुमचा मुलगा आहे तो.”

“म्हणूनच सांगतेय,” मी म्हटलं. बोलायला सोपं होतं ते.

आमची पाळी सगळ्यात शेवटी आली. कॉयरनं ‘ऊ’ धरला, पियानो लागला, श्रीनाथनं छाती काढली आणि ओळ टाकली. ‘पुरात’ला उतरलाच. आणि देवश्रीनं उचललं ते वर, बरोब्बर पियानोच्या मांडीवर. ‘पुरात, हो जी जी रं जी’. हॉल एकदम उजळला. कॉयरमधल्या त्या पोक्त बाई चमकून बघायला लागल्या. फ्राऊ लिंडेमाननी हात हलवता हलवता मान वळवली.

श्रीनाथनंही मागं वळून पाहिलं. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा झील त्याच्यापाशी नव्हती. दुसऱ्या ओळीला तो गोंधळला. वर जाऊ बघतोय, जमत नाहीये, खालीही राहवत नाहीये. आता सगळ्यांना कळत होतं कोण कुठं आहे. मंडळवाल्यांच्या रांगेत कुणीतरी खोकलं, कुणीतरी मोबाइल खाली ठेवला. फेट्याखाली त्याचे कान लाल झाले. लहानपणी गॅदरिंगला भाषण विसरला होता तेव्हा असेच झाले होते, आणि तेव्हाही त्यानं असाच मान वळवून मला शोधलं होतं. आताही त्याची नजर पहिल्या रांगेतच आली.

मीच ‘पडू दे’ म्हटलं होतं. तो पडत होता, आणि मला ते बघवेना.

मी उठले. जाऊन त्याच्या मागं उभी राहिले, डाव्या हाताला देवश्री होती म्हणून उजव्या हाताला. तिसऱ्या ओळीचं शेपूट त्यानं जिथं टाकलं तिथून मी उचललं. खालून. घसा बसलेला, दम पुरत नाही, तरी उचललं. ‘जी जी रं जी.’ वर देवश्री पियानोला धरून, खाली मी माझ्या लेकाला धरून, आणि मध्ये ती सगळी गोरी माणसं ‘ऊ’ करत. काय कानाला लागलं असेल ते लागलं असेल. देवश्रीनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. मी डोळ्यांनी तिला म्हटलं, हलू नकोस. आम्ही दोघं खालून ओढत असताना ती तसूभर हलली नाही. शेवटचं ‘जी’ तिनं एकटीनं इतकं लांबवलं की मी आणि श्रीनाथ केव्हाच संपलो होतो.

टाळ्या संपायच्या आत फ्राऊ लिंडेमान आल्या. त्यांनी देवश्रीचे दोन्ही हात हातात घेतले आणि भराभर काहीतरी बोलल्या. त्यातला ‘डीन्स्टाग’ मला कळला. मंगळवार, कॉयरच्या प्रॅक्टिसचा वार. त्या दिवशी आमच्याकडं रद्दीचा डबा बाहेर ठेवायचा असतो, म्हणून हा शब्द माहीत. देवश्रीनं मान हलवली आणि या वेळी ती खरी रडली.

मग त्या श्रीनाथकडं वळल्या. माझ्याकडं बघून हसल्या, ‘ओमा’ म्हणाल्या, आणि पुन्हा तोच पंजा हवेत ठेवून सावकाश खाली नेला. म्हणजे आता मी. म्हातारी आजी, बिचारी, हिनं ओढलं. मी आपली हसून मान खाली घातली. सवय आहे.

“या, गे...” श्रीनाथ म्हणाला आणि थांबला.

प्रसन्न तिथंच होता. मंडळवाले होते. अन्वी वर मान करून बापाच्या तोंडाकडं बघत होती. श्रीनाथनं फेटा काढून हातात घेतला. केस घामानं चिकटले होते.

“नाइन,” तो म्हणाला, म्हणजे नाही. मग जर्मनमध्ये बरंच काही बोलला, अडखळत. त्यातलं मला फक्त ‘इश’ कळलं, म्हणजे ‘मी’. ते पुन्हापुन्हा आलं. एकदा त्यानं देवश्रीकडं बोट केलं आणि एकदा माझ्याकडं, आणि कुणाकडंच बघितलं नाही. फ्राऊ लिंडेमानचा पंजा हवेतच राहिला होता. अन्वीला मी काही विचारलं नाही.

ट्राममध्ये देवश्री आणि अन्वी पुढं बसल्या. तो माझ्या शेजारी, फेटा मांडीवर.

“आई, बाबाही खाली जायचे?”

“जायचे.”

“मग लोक तर म्हणायचे तू...” त्यानं मांडीवरचा फेटा उलटसुलट केला. “तू कधी सांगितलं नाहीस?”

मी सांगणार होते की झीलकऱ्यानं सांगायचं नसतं. पण समोर देवश्री काचेला डोकं टेकून ती ऑल्टोची मधली चाल गुणगुणत होती, आणि तिच्यादेखत मला ते म्हणवेना.

“मला इतकी वर्षं ती लाज माझीच वाटायची रे,” मी म्हटलं.